इंजिनाआधी आखलेले विमान : एचएफ-२४ मारुतचा प्रकरण अभ्यास

१७ जून १९६१ रोजी बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्याच्या धावपट्टीवरून विंग कमांडर सुरंजन दास यांनी एचएफ-२४ या नमुना विमानाचे पहिले उड्डाण केले. भारतात आखलेले आणि भारतातच बांधलेले ते पहिले जेट लढाऊ विमान होते. पुढे त्याला मारुत हे नाव मिळाले, सुमारे १४७ विमाने बांधली गेली, १९७१ च्या युद्धात राजस्थानच्या आघाडीवर त्यांनी चोख कामगिरी बजावली आणि १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत ती सेवेतून निघून गेली. हवाई दलाने मागितले होते ध्वनीच्या दुप्पट वेगाचे विमान. हाती आले ते सपाट उड्डाणात ध्वनिवेगाच्या सीमेशीच अडणारे विमान. मागणी आणि हाती आलेले विमान यांच्यातील ही तफावत कशी पडली, हा या प्रकरणाचा विषय आहे.

मारुतविषयी आपल्याकडे दोन टोकाची मते ऐकू येतात. एका मतानुसार ते फसलेले विमान होते. दुसऱ्या मतानुसार ते उत्तम विमान होते, पण परक्यांनी इंजिन नाकारून आणि आपल्याच लोकांनी उपेक्षा करून ते मारले. दोन्ही मते सोयीची आहेत, कारण दोन्हींत एकच दोषी शोधून विषय मिटवता येतो. कागदोपत्री क्रम पाहिला तर असे दिसते की घेतलेला जवळपास प्रत्येक निर्णय त्या त्या वेळी समर्थनीय होता. चूक झाली ती निर्णयांच्या क्रमात, आणि परिस्थिती बदलल्यावरही मूळ मागणीला हात न लावण्यात.

मागणी आणि तिच्यामागची परिस्थिती

१९५० च्या दशकाच्या मध्यावर भारतीय हवाई दलाचा जेट ताफा पूर्णपणे आयात आराखड्यांवर उभा होता. ब्रिटिश व्हँपायर, फ्रेंच ऊरागान म्हणजे आपले तुफानी, त्यानंतर मिस्तेअर, कॅनबेरा आणि हंटर अशी ही मालिका होती. त्याच काळात अमेरिकेच्या लष्करी मदतीतून पाकिस्तानला सेबर विमाने मिळू लागली. या पार्श्वभूमीवर हवाई दलाने बहुउद्देशी लढाऊ विमानाची मागणी मांडली. त्याचा वेग उंचावर मॅक २ म्हणजे ध्वनीच्या दुप्पट असावा, ते ६०,००० फुटांपर्यंत चढावे, त्याची लढाऊ त्रिज्या, म्हणजे लढून तळावर परतता येईल असे अंतर, सुमारे ८०० किलोमीटर असावी, आणि याच मूळ आराखड्यातून रोधक (शत्रूची विमाने अडवणारे), भूहल्ला, प्रशिक्षण व नौदलासाठीची आवृत्ती अशी रूपे काढता यावीत. एकाच सांगाड्याकडून इतक्या परस्परविरोधी अपेक्षा त्या काळी मोठे देशही क्वचितच करीत.

ज्या कारखान्यावर हे काम सोपवले जाणार होते त्याची पार्श्वभूमीही पाहिली पाहिजे. सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या सहकार्याने डिसेंबर १९४० मध्ये हिंदुस्थान एअरक्राफ्टची स्थापना केली. युद्धकाळात सरकारने ती ताब्यात घेतली आणि तिथे मुख्यतः विमानांची दुरुस्ती व जुळणी होत राहिली. इंजिनावर उडणाऱ्या विमानाचा, स्वतःचा म्हणावा असा कारखान्याचा आराखडा एकच होता: एचटी-२ हे दोन आसनी प्रशिक्षण विमान. ते डॉ. विष्णू माधव घाटगे यांच्या नेतृत्वाखाली तयार झाले आणि १९५१ मध्ये उडाले. कोल्हापूर भागातून आलेले घाटगे गॉटिंगेन येथे लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली डॉक्टरेट करून परतले होते, म्हणजे वायुगतिकीचे त्यांचे शिक्षण जगातील सर्वोत्तम गुरूकडे झाले होते. परंतु एचटी-२ ला होते १५५ अश्वशक्तीचे पंख्याचे इंजिन आणि न मिटणारी चाके. तिथून थेट मॅक २ च्या जेटवर जायचे होते. मधल्या पायऱ्या नव्हत्याच.

ही पोकळी भरण्यासाठी सरकारने बाहेरचा माणूस आणला. कुर्ट टँक हे जर्मनीच्या फोके-वुल्फ कंपनीचे मुख्य आराखडाकार. दुसऱ्या महायुद्धातील फोके-वुल्फ १९० हे त्यांचे सर्वांत गाजलेले विमान, आणि स्वतः आखलेली विमाने स्वतः उडवून पाहणारा म्हणून त्यांची ख्याती होती. युद्धानंतर ते अर्जेंटिनात कोर्दोबा येथे गेले आणि पुल्की-२ हे जेट लढाऊ विमान त्यांनी तिथे उडवले. १९५५ मध्ये तिथले अध्यक्ष पेरोन यांची सत्ता उलथली, टँक यांच्या गटाची पांगापांग झाली आणि १९५६ मध्ये काही निवडक जर्मन सहकाऱ्यांसह ते बंगळूरला आले. टँक यांचे अर्जेंटिनातले पुल्की-२ देखील रोल्स-रॉइसच्या नीन या ब्रिटिश इंजिनावर उडत होते. दुसऱ्याच्या इंजिनावर आपले विमान आखण्याची टँक यांना सवय होती आणि तोवर त्यात त्यांना मोठा फटका बसलेला नव्हता.

सांगाडा : जे काम नीट झाले

मारुतचा आराखडा स्वच्छ होता. पंख खाली बसवलेले, पातळ आणि सुमारे ४५ अंश मागे वळवलेले. दोन इंजिने धडाच्या मागील भागात शेजारी शेजारी. हवा घेण्याची तोंडे कॉकपिटच्या दोन्ही बाजूंना. ध्वनिवेगाजवळ हवेचा रोध अचानक वाढतो, आणि तो कमी करायचा तर विमानाचा एकूण छेद नाकापासून शेपटीपर्यंत हळूहळू बदलावा लागतो, म्हणजेच जिथे पंख सुरू होतात तिथे धड बारीक करावे लागते. हे तत्त्व त्या काळी नवे होते आणि टँक यांनी ते मारुतमध्ये काळजीपूर्वक पाळले. म्हणूनच बाजूने पाहिल्यास हे विमान आजही जुनाट वाटत नाही. मुंबईत वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात ठेवलेल्या मारुतच्या जवळ गेल्यास हवा घेण्याच्या तोंडांत बसवलेले अर्धे शंकू दिसतात. असे शंकू ध्वनीहून बऱ्याच जास्त वेगाला आत शिरणाऱ्या हवेला वळण लावण्यासाठी असतात. विमान त्या वेगापर्यंत कधी पोहोचलेच नाही, शंकू मात्र तसेच राहिले. मूळ मागणीची खूण विमानाच्या अंगावर इतकी उघड क्वचितच दिसते.

चाचणीची पद्धतही विचारपूर्वक ठरवलेली होती. जेट नमुना तयार होण्याआधी विमानाची पूर्ण आकाराची लाकडी प्रतिकृती ग्लायडर म्हणून बांधण्यात आली. तिला मिटणारी चाके, फ्लॅप, हवाई ब्रेक आणि खऱ्या विमानासारखीच नियंत्रण व्यवस्था होती. १९५९ च्या एप्रिलमध्ये डकोटा विमानाने ओढून नेऊन हे ग्लायडर आकाशात सोडण्यास सुरुवात झाली आणि पुढील वर्षभरात त्याची ७८ उड्डाणे झाली. मार्च १९६० मध्ये पुढचे चाक न उघडल्याने उतरताना त्याचे नुकसान झाले आणि तो टप्पा संपला. ज्या कारखान्याकडे ध्वनीहून अधिक वेगाच्या हवेत प्रतिकृती तपासणाऱ्या स्वनातीत वायुबोगद्यासारख्या सोयी नव्हत्या, त्याने कमी वेगातील हाताळणी, उतरण्याची वागणूक आणि नियंत्रणांचे वजन यांचा अंदाज अशा रीतीने स्वस्तात मिळवला. जेट नमुन्याच्या पहिल्या उड्डाणांत हाताळणीबाबत फारसे धक्के बसले नाहीत, यात या लाकडी विमानाचा वाटा मोठा आहे. कारखान्यातील भारतीय अभियंत्यांची एक पिढी याच कामावर घडली आणि या प्रकरणातील खरी मिळकत मला तीच वाटते.

इंजिन : जे आपल्या हातात नव्हते

टँक यांनी मारुत ज्या इंजिनावर आखले ते होते ब्रिस्टल कंपनीचे ऑर्फियस १२, आफ्टरबर्नरसह, म्हणजे बाहेर पडणाऱ्या वायूत पुन्हा इंधन जाळून जादा जोर देणाऱ्या जोडणीसह. ऑर्फियस मालिकेची निवड तर्कशुद्ध होती. फॉलंड नॅट हे छोटे लढाऊ विमान भारतात परवान्याखाली बांधण्याचा करार झालेला होता आणि त्याचे ऑर्फियस ७०१ इंजिन बंगळूरलाच तयार होणार होते. त्याच घराण्याचे अधिक ताकदीचे इंजिन मारुतला मिळाले की सुटे भाग, हत्यारे आणि कामगारांचे प्रशिक्षण या तिन्हींत बचत होणार होती.

ऑर्फियस १२ कडून आफ्टरबर्नरसह प्रत्येकी ८,१७० पौंड रेटा (विमानाला पुढे ढकलणारा जोर) अपेक्षित होता, म्हणजे दोन इंजिनांचा मिळून १६,३४० पौंड. परंतु हे इंजिन अजून विकासाच्या अवस्थेत होते, आणि तो विकास भारतासाठी चाललेला नव्हता. नाटो संघटनेला हलके हल्लेखोर विमान हवे होते, त्याच्या आशेवर ब्रिटिश कंपनी हे इंजिन पुढे नेत होती. नाटोने निवडलेल्या फियाट जी-९१ ला ऑर्फियसची साधी आवृत्ती पुरेशी ठरली आणि आफ्टरबर्नर असलेल्या आवृत्तीला ग्राहकच उरला नाही. ब्रिटिशांनी उरलेल्या विकासाचा खर्च भारताने उचलावा असे सुचवले. भारताने ते नाकारले. परिणामी जे उपलब्ध होते ते ऑर्फियस ७०३ घ्यावे लागले. त्याला आफ्टरबर्नर नव्हता आणि त्याचा रेटा प्रत्येकी ४,८५० पौंड, म्हणजे दोघांचा मिळून ९,७०० पौंड होता. विमान जेवढ्या ताकदीसाठी आखले होते तिच्या साठ टक्क्यांहूनही कमी.

या आकड्याचा अर्थ समजण्यासाठी हवाई दलाकडेच असलेल्या हंटरशी तुलना पुरेशी आहे. हंटरला एकच एव्हॉन इंजिन होते आणि त्याचा रेटा सुमारे १०,००० पौंड होता. मारुतची दोन इंजिने मिळून हंटरच्या एका इंजिनाइतकीही ताकद देत नव्हती, आणि रिकाम्या मारुतचे वजन होते सहा टनांहून अधिक. वायुगतिकीच्या दृष्टीने मारुत हंटरच्या एक पिढी पुढे होते, पण ताकदीच्या हिशेबात त्याच्याच पंक्तीला बसले.

पैसे नाकारण्याच्या निर्णयावर आपल्याकडे सर्वाधिक टीका झाली आहे. चार पैसे वाचवायला गेलो आणि विमान घालवले, असा तिचा सूर असतो. मला ही टीका अर्धवट वाटते. १९५७-५८ मध्ये देश परकीय चलनाच्या तीव्र टंचाईत होता; दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या आयातीने स्टर्लिंगची गंगाजळी झपाट्याने आटत होती आणि १९५८ मध्ये परकीय मदतीसाठी देणगीदार देशांचा गट उभा करावा लागला. अशा वेळी दुसऱ्या देशाच्या कंपनीत, दुसरा कोणीही ग्राहक नसलेल्या इंजिनावर पैसा ओतायचा, त्याचे वेळापत्रक आपल्या हाती नाही, ते यशस्वी होईलच याची हमी नाही. कोणत्याही अर्थखात्याने असा प्रस्ताव परत पाठवला असता. प्रश्न नकाराचा नाही, नकारानंतर काय केले याचा आहे.

नकारानंतर दोन वाटा खुल्या होत्या. पहिली, मूळ मागणीच पुन्हा लिहायची: मॅक २ सोडून द्यायचे, ऑर्फियस ७०३ च्या ताकदीला साजेसे हलके भूहल्ला विमान आखायचे, अर्धे शंकू, मोठे धड आणि उंचावरील वेगासाठी केलेल्या तडजोडी काढून टाकायच्या. दुसरी, आफ्टरबर्नरचे काम तातडीने देशातच सुरू करून मारुतच्या मागील भागाचा आराखडा त्याच्याशी बांधून घ्यायचा. प्रत्यक्षात यांपैकी काहीच ठामपणे झाले नाही. सांगाडा मॅक २ साठीच बांधला गेला, इंजिन मॅक १ चे बसवले गेले आणि खरे इंजिन पुढे कुठूनतरी मिळेल असे गृहीत धरून काम चालू राहिले. हे गृहीतक कुणी उघडपणे मांडले नाही, तरी पुढच्या दशकभराचा सारा कार्यक्रम त्याच्यावर उभा होता.

टँक यांच्या जुन्या अनुभवानेही इथे दिशाभूल केली असावी. फोके-वुल्फ १९० चे हवेने थंड होणारे बीएमडब्ल्यू इंजिन काढून युद्धाच्या उत्तरार्धात द्रवाने थंड होणारे जुमो इंजिन बसवण्यात आले. नाक लांबवले, शेपटीकडे तुकडा जोडला आणि विमान अधिक सरस झाले. नाकावर बसवलेल्या इंजिनाच्या बाबतीत असा बदल जमतो. मारुतमध्ये इंजिने धडाच्या आत, अगदी मापात बांधलेल्या बोगद्यांत होती. नव्या इंजिनाचा व्यास, लांबी, लागणारी हवा, उष्णता यांपैकी काहीही बदलले तरी हवेच्या तोंडापासून शेपटीपर्यंत सगळे उकलावे लागे.

इंजिनाचा शोध : मॉस्को, हेलवान, बंगळूर

पुढची काही वर्षे भारत दारोदार इंजिन शोधत राहिला. सोव्हिएत संघाकडील मिग-१९ चे आरडी-९ इंजिन तपासले गेले. ते मारुतच्या गरजेत बसले नाही. रोल्स-रॉइसच्या काही इंजिनांचाही विचार झाला आणि तो कागदावरच राहिला. दरम्यान १९६२ मध्ये मिग-२१ च्या परवाना उत्पादनाचा करार झाला आणि नाशिकजवळ ओझर येथे त्याच्या सांगाड्याचा कारखाना उभा राहिला. महाराष्ट्रात विमान उद्योग रुजला तो या निर्णयाने, परंतु मारुतसाठी त्याचा परिणाम वेगळा झाला. मॅक २ च्या रोधकाची जी गरज मारुत भागवणार होते ती मिग-२१ ने भागवली. त्यानंतर मारुतच्या वेगवान इंजिनासाठी पैसा आणि राजकीय बळ लावण्याची निकड हवाई दलाला उरली नाही. तरीही मागणी अधिकृतपणे बदलली गेली नाही. मारुतची भूमिका तेवढी भूहल्ल्यापुरती होत गेली.

सर्वांत विलक्षण प्रयत्न इजिप्तमध्ये झाला. कैरोजवळ हेलवान येथे जर्मन आराखडाकार विली मेसरश्मिट यांच्या आराखड्यावरून एचए-३०० हे विमान बांधले जात होते, आणि त्याच्यासाठी फर्डिनांड ब्रांडनर हे ऑस्ट्रियन अभियंते ई-३०० इंजिन विकसित करीत होते. ब्रांडनर यांनी युद्धानंतर सोव्हिएत संघात मोठ्या टर्बोप्रॉप इंजिनांवर काम केले होते. भारत या इंजिनाच्या विकासात सहभागी झाला. भारतीय चाचणी वैमानिक कपिल भार्गव यांनी मार्च १९६४ मध्ये एचए-३०० चे पहिले उड्डाण केले, आणि एक मारुत इजिप्तला पाठवून त्याच्या एका बाजूला ऑर्फियस व दुसऱ्या बाजूला ई-३०० अशी जोडी बसवण्यात आली. मार्च १९६७ मध्ये हे विमान उडाले. दोन बाजूंना वेगळ्या ताकदीची इंजिने असलेले लढाऊ विमान सरळ ठेवणे हे वैमानिकाच्या पायांची परीक्षा पाहणारे काम. तरीही चाचण्या शंभराहून अधिक उड्डाणांपर्यंत गेल्या. पण पहिल्या उड्डाणानंतर तीनच महिन्यांनी अरब-इस्रायल युद्ध झाले, इजिप्तचा खजिना आणि लक्ष दोन्ही दुसरीकडे वळले आणि १९६९ मध्ये तो प्रकल्प गुंडाळला गेला. अलिप्ततावादी देशांनी एकमेकांच्या कमतरता भरून काढाव्यात ही कल्पना कागदावर आकर्षक होती. इथे मात्र एक विमान विनाइंजिन आणि एक इंजिन विनाविमान अशी मोट बांधली गेली, आणि ती इजिप्तच्या युद्धात सुटली.

शेवटी काम बंगळूरला परतले. वायू टर्बाइन संशोधन संस्थेने, म्हणजे जीटीआरईने, ऑर्फियस ७०३ लाच आफ्टरबर्नर जोडला. आफ्टरबर्नरमध्ये इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूत पुन्हा इंधन फवारून जाळतात. त्यासाठी नळी लांब करावी लागते आणि बाहेर पडण्याचे तोंड मोठे व गरजेनुसार उघड-मीट होणारे असावे लागते. संस्थेने रेटा सुमारे ५,७२० पौंडांपर्यंत नेला, म्हणजे जवळपास अठरा टक्के वाढ मिळवली. पण मोठ्या तोंडांसाठी विमानाची शेपूट फुगली, फुगलेल्या शेपटीमागे हवेचा रोध वाढला आणि मिळालेल्या ताकदीचा बराचसा भाग त्यातच खर्ची पडला. सांगाडा आणि इंजिन सुरुवातीपासून एकत्र आखले असते तर हा तोटा टळला असता. हीच आवृत्ती उडवताना १० जानेवारी १९७० रोजी ग्रुप कॅप्टन सुरंजन दास यांचा बंगळूरला अपघाती मृत्यू झाला. कार्यक्रमाने आपला सर्वांत अनुभवी चाचणी वैमानिक गमावला. बंगळूरमध्ये त्या विमानतळाजवळच्या रस्त्याला आज त्यांचे नाव आहे.

सेवेत : १९७१

पहिले उड्डाण १९६१ चे, हवाई दलाला औपचारिक सुपूर्ती १९६४ ची, आणि पहिली लढाऊ तुकडी, दहावी स्क्वाड्रन, एप्रिल १९६७ ची. या सहा वर्षांत तंत्रज्ञान पुढे सरकले आणि विमान होते तिथेच राहिले. १९६५ च्या युद्धात मारुत उतरले नाही. दोन आसनी प्रशिक्षण आवृत्ती १९७० मध्ये उडाली. दरम्यान, १९६७ मध्ये टँक जर्मनीला परतले. चारही ३० मिलिमीटर तोफा एकदम चालवल्यावर धडाला बसणारे हादरे ही एक कायमची डोकेदुखी राहिली.

असे असूनही १९७१ च्या युद्धात मारुतने आपली किंमत दाखवली. दहावी आणि दोनशे विसावी या दोन स्क्वाड्रन जोधपूर आणि उत्तरलाईहून लढल्या. दोन आठवड्यांत त्यांनी तीनशेहून अधिक उड्डाणे केली. रेल्वेगाड्या, इंधनसाठे, रणगाडे आणि सिंधमधील नया छोर भागातील पाकिस्तानी सैन्याची रसद ही त्यांची लक्ष्ये होती. हवाई लढतीत एकही मारुत गमावले गेले नाही. काही विमाने जमिनीवरील माऱ्याने पडली आणि एक धावपट्टीवरच नष्ट झाले. भारतीय नोंदीनुसार ७ डिसेंबर रोजी स्क्वाड्रन लीडर के. के. बक्षी यांनी एक सेबर पाडले.

खालच्या उंचीवर हे विमान स्थिर राहत असे, आणि वाळवंटातील उष्ण, उसळत्या हवेत लक्ष्य साधणाऱ्या वैमानिकाला हा गुण वेगापेक्षा उपयोगाचा होता. दोन इंजिनांचाही फायदा झाला. एक इंजिन माऱ्याने बंद पडल्यावर दुसऱ्याच्या जोरावर तळावर परतलेल्या विमानांच्या नोंदी आहेत. त्यांतले एक तर शत्रूच्या हद्दीत दोनशेहून अधिक किलोमीटर आतून, एकटेच परत आले. हायड्रॉलिक व्यवस्था निकामी झाली तर नियंत्रणे आपोआप हाताच्या जोरावर चालण्याच्या स्थितीत येत, त्याचाही उपयोग झाला. मागणीपत्रात ज्या भूमिकेला दुय्यम जागा होती तिथेच विमानाने नाव कमावले, आणि जिच्यासाठी सगळा खटाटोप केला होता ती भूमिका त्याच्या वाट्याला आलीच नाही.

पर्याय होता का?

या प्रश्नाचे उत्तर त्याच आवारात उभे होते. मारुतचे काम चालू असतानाच घाटगे यांच्या नेतृत्वाखाली एचजेटी-१६ किरण हे जेट प्रशिक्षण विमान आखले गेले आणि सप्टेंबर १९६४ मध्ये उडाले. त्याची अपेक्षा माफक होती आणि ते जगभर वापरात असलेल्या, सिद्ध झालेल्या व्हायपर इंजिनावर आखले होते. पुढे त्याची दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा तिच्यात चक्क ऑर्फियस इंजिन बसवले गेले, म्हणजे मारुतला कमी पडलेले घराणे किरणला पुरून उरले. किरणने हवाई दलाच्या वैमानिकांच्या कित्येक तुकड्या घडवल्या आणि मारुत निवृत्त झाल्यानंतरही ते अनेक दशके उडत राहिले. किरणविषयी कोणी हळहळत नाही, त्याच्यावर वादही झडत नाहीत. म्हणून बहुधा त्याचा अभ्यासही होत नाही.

तरीही किरणच्या मापाने मारुतला मोजणे पूर्णपणे न्याय्य नाही. प्रशिक्षण विमानाला शत्रूच्या विमानाशी बरोबरी करायची नसते. लढाऊ विमानाला करावी लागते, आणि शत्रूकडे काय आहे हे आपण ठरवत नाही. १९६१ च्या सुमारास पाकिस्तानला मॅक २ चे एफ-१०४ मिळाले, तेव्हा ऑर्फियस ७०३ च्या मापाचे मंद भूहल्ला विमान मागणे हवाई दलातील कोणत्याही अधिकाऱ्याला राजकीयदृष्ट्या परवडले नसते. मागणी खाली न आणण्यामागे निव्वळ हट्ट नव्हता. परंतु मिग-२१ चा करार झाल्यावर हे कारण संपले होते. १९६२ नंतर मारुतची मागणी नव्याने लिहून त्याला भूहल्ल्याचे विमान म्हणून पुढे नेण्यास कोणतीही अडचण नव्हती, आणि या प्रकरणातील टाळता येण्याजोगी सर्वांत मोठी चूक मी हीच मानतो.

१९७० च्या दशकात जर्मन सहकार्याने एचएफ-७३ या नावाने नव्या इंजिनाच्या सुधारित विमानाचा विचार झाला. ते बांधले गेले नाही. १९७८ मध्ये भूहल्ल्यासाठी अँग्लो-फ्रेंच जॅग्वारची निवड झाली. मारुतच्या स्क्वाड्रन एकेक करून मिग मालिकेतील विमानांकडे वळल्या आणि मारुतवर घडलेले आराखडाकार निवृत्त होत गेले किंवा परवाना उत्पादनाच्या कामात विखुरले. हलक्या लढाऊ विमानाचा कार्यक्रम १९८३ मध्ये मंजूर झाला तेव्हा मारुतच्या चमूतील फार थोडे लोक हाताशी होते. त्या कार्यक्रमातही जीटीआरईचे कावेरी हे स्वदेशी इंजिन ठरवले होते, पण ४ जानेवारी २००१ रोजी त्या विमानाचे, म्हणजे तेजसचे, पहिले उड्डाण झाले ते अमेरिकी जीई एफ-४०४ इंजिनावर. ते इंजिन आधीच तयार झालेले, सेवेत मुरलेले आणि कावेरी सिद्ध होईपर्यंत वापरण्यासाठी म्हणून सुरुवातीलाच निवडलेले होते. कावेरीला उशीर होत गेला तरी सांगाड्याच्या चाचण्या त्यासाठी थांबल्या नाहीत.